आधी ऐकायचं, मग रागवायचं

दसरा झाला की आमच्या भागातल्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. बाकीचे लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, कोंबड्या टाकून कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे नाहीतर कर्नाटकात निघून जातात, ते थेट पाडव्याच्या आसपास परततात. माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड तसं मोठं गाव. स्वतःचं पोलीस ठाणं आहे, इकडे तेलगाव, तिकडे सिरसाळा. माजलगाव धरण झाल्यापासून या पट्ट्यात ऊसही उभा राहिला आणि तेलगावला सोळंके साखर कारखाना आहे. पण बालाघाटाच्या डोंगराकडेची कोरडवाहू माणसं अजूनही दुसऱ्यांचा ऊस तोडायला शेकडो किलोमीटर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आणि पाच-सहा महिने कोपीत संसार. ज्यांच्या लेकरांची शाळा बुडवायची नसते ते त्यांना आजीजवळ ठेवून जातात. जी फार लहान असतात ती फडावर जातात.

मी तालुक्याच्या ठिकाणी रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. लोकांच्या तोंडी फक्त ‘सिस्टर’. दिंद्रुडचा परिसर माझ्या माहेरचा, त्यामुळे वॉर्डात कुणी गावाचं नाव सांगितलं की घर कुठलं, आजी कुठली हे मला बहुतेक वेळा कळतं. आम्ही चार-पाच जणी सुट्टीच्या दिवशी शाळांत, अंगणवाड्यांत आणि पारावर जाऊन लेकरांच्या सुरक्षेबद्दल बोलतो. त्याला कुठली योजना नाही, मानधन नाही, बॅनर नाही. नाईट ड्यूटी संपल्यावर मिळणारा ऑफ कपडे धुण्यात जातो तो कधी कधी या कामाला जातो, एवढंच. घरचे कुरकुरतात, स्टाफरूममध्ये कुणीतरी ‘निघाल्या समाजसेवेला’ म्हणतं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखं आहे ते नाईट ड्यूटीबद्दल. दिवसा डॉक्टर राऊंडला येतात, लेकराला विचारतात, ‘किती वाजता झालं? कुठं होतास?’ लेकरू आधी बापाकडे बघतं, मग उत्तर देतं. ते उत्तर बापाला चालणारं असतं. रात्री दोन-अडीचला नातेवाईक खाटेखाली चादर टाकून झोपलेले असतात, सलाईन बदलायला मी जाते, लेकरू टक्क जागं असतं. तेव्हा खरी हकिकत बाहेर येते. चेंडू आणायला काट्याच्या कुपाटीत हात घातला होता. शेततळ्यावर गेलो होतो. बाटलीतलं मीच प्यालो, ताईने नाही दिलं. आणि जवळजवळ प्रत्येक हकिकतीच्या शेवटी एकच वाक्य: ‘मार बसंल म्हणून सांगितलं नाही.’

आमचं सगळं काम या एका वाक्यावर उभं आहे.

सापाचंच घ्या. आमच्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. घोणस चावली की पाय सुजतो, दुखतं, हिरड्यांतून रक्त येतं. ते निदान दिसतं तरी. मण्यार वेगळी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, सूज नाही, दुखणं नाही, दाताची खूण शोधूनही सापडत नाही. पहाटे लेकरू पोटात दुखतंय म्हणतं, ओकतं, मग पापण्या जड होतात, थुंकी गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, झोप पुरी झाली नाही. एक आजी नातवाला खांद्यावर टाकून आली होती, ‘सिस्टर, लेकरू उठंना गेलंय, कुणाची नजर लागली काय बघा.’ तिने नजर उतरवली होती, अंगारा लावला होता, आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून दवाखाना गाठला. पापण्या उघडत नव्हत्या, पण हात दाबला की ते लेकरू बोट हलवत होतं. शुद्धीवर होतं, बोलता येत नव्हतं. ते वाचलं. मला आजीचा राग आला नाही. मण्यार चावल्याचं ओळखणं शिकलेल्या माणसालाही अवघड आहे.

राग येतो तो मधल्या वेळाचा. सर्पदंश झाला की मारुतीच्या देवळात नेऊन बसवायचं, कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागला तर विष नाही, गोड लागला तर विष चढलं असं ठरवायचं, दंडाला दोरी इतकी करकचून बांधायची की हात काळानिळा व्हावा, आणि वर ब्लेडने चिरा मारायच्या. ज्याचं रक्त विषाने गोठेनासं झालंय त्याला चिरा मारणं म्हणजे काय हे आम्ही ड्रेसिंग करताना बघतो. रुग्णालयात तपासणी साधी असते. कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि तिरपं करून बघायचं. गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलंय. मग प्रतिविष सुरू होतं, आणि तिथे नातेवाईक हमखास अडतात: ‘एवढ्याशा लेकराला एवढ्या बाटल्या?’ त्यांना सांगावं लागतं की साप माणूस बघून विष मोजत नाही. लहान मुलाच्या अंगात मोठ्या माणसाइतकंच विष शिरतं, म्हणून प्रतिविषही तेवढंच द्यावं लागतं. हे वाक्य वॉर्डात रात्री बाराला सांगण्यापेक्षा शाळेच्या पटांगणात दुपारी बाराला सांगितलेलं बरं, असं आम्हाला वाटायला लागलं.

पण देवळापेक्षाही मोठी अडचण लेकरू गप्प बसण्याची. दुपारी कुपाटीत साप चावलेला एक मुलगा संध्याकाळपर्यंत पाय ओढत घरात वावरत होता. ‘काटा मोडलाय’ म्हणाला. खरं त्याने फक्त धाकट्या बहिणीला सांगितलं होतं, आणि तिलाही शपथ घातली होती. त्या बाजूला जायचं नाही असं बजावलेलं होतं, म्हणून. घरातलं प्रत्येक माणूस त्याच्यावर जीव टाकणारं होतं, हे मी वॉर्डात डोळ्यांनी बघितलं. आई नव्हती, ती फडावर. पण आजोबा तीन दिवस पायरीवरून हलले नाहीत. तरी त्या पोराला सापापेक्षा आजोबांच्या काठीचं भय जास्त वाटलं.

विंचवाचंही तेच. लाल विंचू चावला की मोठं माणूस कळवळतं, लेकराचं मात्र हृदयावर जातं. अंगाला दरदरून घाम, हातपाय गार, ओकाऱ्या आणि पुढे छातीत पाणी. पूर्वी अशी मुलं डोळ्यांदेखत जायची. मूळचे आमच्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातले डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात महाडकडे सरकारी नोकरीत असताना याच्या मागे लागले आणि रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी गोळी इथे जीव वाचवते हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला. पुढे २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. ती गोळी स्वस्त आहे, पण ती जितकी लवकर पोटात जाईल तितकी उपयोगी. चावल्यावर दोन तास लेकरू गोधडीत तोंड घालून पडून राहिलं तर बावस्करांचं सगळं संशोधन त्या गोधडीबाहेर उभं राहतं.

म्हणून शाळेत गेलं की पहिला धडा सापाचा नसतो. मुलांना विचारते, ‘कुणाकुणाला सांगितल्यावर मार बसलाय?’ आधी खसखस पिकते, मग हळूहळू हात वर होतात. सगळेच. गुरुजीही हसतात. मग घरची मोठी माणसं आलेली असतील त्या दिवशी त्यांना उभं करून सगळ्यांसमोर म्हणायला लावतो: ‘लागलं, चावलं, प्यालं, कुणी त्रास दिला, काहीही झालं तरी आधी येऊन सांग. सांगितलंस तर मारणार नाही.’ म्हाताऱ्या बाया लाजत लाजत म्हणतात. पुरुष मंडळी म्हणत नाहीत. एका सभेत एक आजोबा उठले, ‘असं केलं तर लेकरं डोक्यावर बसतील. धाक पायजेलच की.’ त्यांच्या म्हणण्याला माना डोलावणारे पुष्कळ होते. त्यांना मी एवढंच म्हटलं, आबा, चूक केल्याचा धाक असू द्या, सांगण्याचा नको. चावलेल्या दिवशी दवाखान्यात न्या, रागवायचं ते आठ दिवसांनी रागवा. ते पटल्यासारखं करून खाली बसले. खरंच पटलं की नाही कोण जाणे, पण पुढच्या वेळी ते पुन्हा आले.

सीताफळाचा मोसम आला की दुसरी गोष्ट सुरू होते. आमच्या बालाघाटाचं, धारूरकडचं सीताफळ नावाजलेलं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे. त्याच्या बिया, चिंचोके, शेंगदाणे, फुटाणे हे सगळं दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या श्वासनळीत जातं. घरचे तोंडात बोट घालून काढायला बघतात आणि बी आणखी आत ढकलतात. वर्षाच्या आतलं तान्हं असेल तर पालथं मांडीवर घेऊन, डोकं खाली ठेवून, खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच दणके, मग उताणं करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब. मोठ्या पोराला पाठीत तसेच पाच दणके, आणि तेवढ्याने निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर दाब. रबरी बाहुली घेऊन हे करून दाखवलं की बाया एकमेकींना ढकलत पुढे येतात. या एका गोष्टीला सगळ्यात जास्त गर्दी असते. का ते मला कळलेलं नाही, बहुधा हाताने करायचं काहीतरी असतं म्हणून.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते, कारण त्या सांगूनही झाल्या आहेत. शाळेच्या कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात, त्या खाऊन अख्खा वर्ग ओकत दवाखान्यात येतो. घासलेट प्यालेल्या लेकराला ओकायला लावू नये, कारण ओकताना ते फुप्फुसात जातं. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, शाई, हळद काही नको. कुत्रं चावलं तर चुना-तिखट भरायचं नाही, पंधरा मिनिटं साबणाने धुवायचं आणि त्याच दिवशी लस घ्यायची. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा जमाना कधीच गेला, तरी त्याची भीती अजून गावात आहे, आणि कुत्रं चावल्याचं लेकरं लपवतात ते त्याच भीतीने. फवारणीचं औषध थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवायचं नाही. हे सांगताना मी एका बाटलीत निळं पाणी भरून नेते आणि विचारते, काय आहे? लहान पोरं एका आवाजात पेयाचं नाव घेतात. आज्या काही बोलत नाहीत, एकमेकींकडे बघतात.

शेततळ्यांवर मात्र थांबलं पाहिजे. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि पाण्यासाठी वणवण करणाऱ्या आमच्या भागाला ती वरदानच वाटली. वाटायलाच हवी. पण ज्या तळ्याला प्लास्टिकचं अस्तर असतं त्याच्या उतारावर पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूससुद्धा कडेपर्यंत येतो आणि परत घसरतो. विहिरीला निदान पायऱ्या असतात, दगडाची खाच असते. इथे नखाला धरायला काही नाही. आणि एक लेकरू घसरलं की दुसरं त्याला धरायला उडी घेतं, तिसरं दुसऱ्याला. एकाच घरातली दोन-दोन लेकरं एकाच दुपारी गेल्याच्या बातम्या मराठवाड्यात दर उन्हाळ्यात येतात. त्यामुळे शाळेत आम्ही मुलांकडून तीन गोष्टी घोकून घेतो: ओरड, फेक, उडी नको. ओरडून मोठ्या माणसाला बोलवायचं, दोर, काठी, रिकामा कॅन, ओढणी, जे हाताला लागेल ते फेकायचं, स्वतः पाण्यात जायचं नाही. आणि शेतकऱ्याला सांगतो, चारी बाजूंनी गाठी मारलेला जाड दोर खुंटीला बांधून पाण्यात सोडून ठेवा, जुनी ट्यूब टाकून ठेवा, कुंपण जमेल तेव्हा करा. दोराला खर्च फार येत नाही. तरी दोर सोडलेली तळी अजून थोडीच दिसतात. कारण ज्याच्या घरात लहान मूल नाही त्याला वाटतं आपला काय संबंध, आणि शेजारची पोरं मात्र त्याच्याच तळ्यावर येतात.

बुडालेलं लेकरू वर काढलं की अजूनही त्याचे पाय धरून गरगर फिरवतात, पोटावर दाब देऊन पाणी काढतात. पोटातलं पाणी निघालं म्हणजे जीव वाचला असं होत नाही. थांबलाय तो श्वास. तोंडाला तोंड लावून आधी श्वास द्यायचा, मग छाती दाबत राहायचं, आणि कुणीतरी १०८ला फोन करायचा. या प्रात्यक्षिकाला पुरुष पुढे येतात, बाया मागे राहतात. तोंडाला तोंड म्हटल्यावर हसतात. हसू द्यायचं.

आता ज्यांच्या हातात लेकरं आहेत त्यांच्याबद्दल. आम्ही सुरुवातीपासून पालकसभा टाळली, कारण पालक फडावर. लेकरं असतात आजीच्या, थोरल्या बहिणीच्या, अंगणवाडीच्या मदतनीस बाईच्या आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशीच्या हातात. त्यांना पत्रक देऊन उपयोग नाही. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही आधी शिकलेल्या नर्सबाया गावात पाठवून बघितल्या होत्या. ते जमेना, तेव्हा गावानेच निवडलेल्या, बहुतेक निरक्षर बायांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. त्या बायांनी बाळंतपणं केली, लसीकरणाला लोकांना तयार केलं, आणि या कामाला पुढे १९७९चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे आलेल्या आशाताईंची कल्पनाही या वळणाचीच आहे. मी नर्स असूनही मला ही गोष्ट टोचत नाही, उलट सोपं वाटतं. सिस्टर महिन्यातून एकदा येणार, खिचडीवाली मावशी रोज आहे. त्यामुळे दिंद्रुडच्या बाजूला एखाद्या शाळेत गेलो की पोरांच्या आधी तिला गाठतो. ती आमच्यापेक्षा चांगलं बोलते. पाठीत दणके कसे द्यायचे ते एक मावशी ज्या भाषेत सांगते ती मला इथे छापता येणार नाही.

फडावर जाणाऱ्या आयांना गाठायचं तर दसऱ्याच्या आधी, ट्रॉली भरत असताना. त्या वेळी कुणाला ऐकायला सवड नसते. तरी एक गोष्ट सांगतोच: लेकराला ट्रॉलीच्या सावलीत झोपवू नका. ड्रायव्हर पहाटे किंवा दुपारी न बघता गाडी मागे घेतो. त्यावर एका बाईने मला विचारलं, ‘मग झोपवायचं कुठं, सिस्टर? फडात दुसरी सावली दाखवा.’ उसाच्या वाड्याखाली साप असतो, सरीत मुंग्या आणि कोपी लांब. तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तोडणीच्या जागी पाळणाघर द्यायचं काम ज्यांच्यासाठी ऊस तुटतो त्यांचं आहे. ते त्या बाईवर ढकलून आम्ही ‘जनजागृती’ केली असं म्हणायला मला लाज वाटते.

आणखी एक धडा आहे तो सगळ्यात अवघड. ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ या नावाने तो हल्ली सगळीकडे शिकवतात. मला तो जसा शिकवला जातो तसा पुरेसा वाटत नाही. वाईट म्हटलं की लेकराला दुखणारं, भीतीदायक असं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात ते बहुतेकदा खाऊ देऊन, मोबाइल दाखवून, लाडाने सुरू होतं, आणि करणारा अनोळखी नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं हेच सांगतात, बहुतेक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचाच. आई-वडील सहा महिने बाहेर असलेल्या घरात ही ओळखीची माणसंच राखण करत असतात. म्हणून आम्ही स्पर्शाऐवजी गुपितापासून सुरुवात करतो. मुलांना सांगतो, वाढदिवसाची भेट गुपित ठेवायला हरकत नाही, चार दिवसांनी ती उघडतेच. पण अंगाला हात लावून जो म्हणाला ‘कुणाला सांगू नको’, ते सगळ्यात आधी सांगायचं. आईला फोन लावून, नाहीतर मॅडमला, नाहीतर अंगणवाडीच्या ताईला. एकीने ऐकलं नाही तर दुसरीला. कुणीच ऐकलं नाही तर १०९८. हा नंबर १९९६ साली मुंबईत रस्त्यावरच्या मुलांसाठी सुरू झाला, आता तो सरकार चालवतं, आणि मूल स्वतः फोन करू शकतं.

या धड्यानंतर कधी कधी एखादी मुलगी दप्तर आवरत मागे रेंगाळते. गाव, वर्ग, वर्ष काही सांगणार नाही, पण रेंगाळणारी मुलगी ओळखता येते. अशा वेळी नर्सने काय करायचं हे आम्हाला नीट पाठ आहे. खोदून खोदून विचारायचं नाही, तीच गोष्ट तीन जणांसमोर सांगायला लावायची नाही, ‘तू आधी का नाही सांगितलंस’ हे तर तोंडातून काढायचंच नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेल्या पोक्सो कायद्यानुसार कळलेली गोष्ट पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. आणि उपचार मिळायला आधी गुन्हा नोंदलेला असण्याची अट नाही. हे दुसरं वाक्य दवाखान्यांतही सगळ्यांना ठाऊक नसतं, म्हणून ते मी मुद्दाम लिहिते. २०२२च्या मार्चमध्ये शासनाने शाळाशाळांत ‘सखी सावित्री’ समित्या नेमायला सांगितलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं प्रकरण बाहेर आलं तेव्हा कुठे अनेकांना अशी काही समिती असते हे कळलं. मग सीसीटीव्हीचे आदेश निघाले. कॅमेरे लावावेत, माझी हरकत नाही. पण कॅमेरा घरात नसतो, आणि कॅमेऱ्याला कुणी येऊन काही सांगत नाही.

आणि या सगळ्याचा एक धागा लग्नापर्यंत जातो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायांपैकी ४३.७ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. महाराष्ट्राची सरासरी त्याच्या निम्मी. हुंडा, गरिबी, ‘जोडी झाली की कोयता पुरा होतो’ हे सगळं त्यामागे आहेच. पण आयांना विचारलं तर पहिलं कारण वेगळं येतं: ‘पोर वयात आली, सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवायची?’ म्हणजे मुलीची सुरक्षितता म्हणूनच तिचं लग्न. पुढच्या वर्षी तीच मुलगी आमच्या प्रसूती कक्षात येते. रजिस्टरमध्ये वय लिहायला पेन उचलला की सासू म्हणते, ‘एकोणीस लावा.’ आधार कार्ड मागितलं की घरी राहिलेलं असतं. अठराच्या आतली असेल तर पोलिसांना कळवावं लागतं, आणि आम्ही कळवतो. कळवल्यामुळे पुढची एखादी दवाखान्यात न येता घरीच बाळंत होईल ही भीतीही मनात असते. कायदा बरोबर आहे, पण तो पाळायची वेळ प्रसूतीच्या खाटेवर यावी हे चूक आहे. ती वेळ हळदीच्या आधी यायला हवी. आपल्याकडे ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, अंगणवाडी सेविका त्याची मदतनीस. गावातल्या किती जणांना हे माहीत आहे? शाळेतल्या मोठ्या मुलींना आम्ही ते सांगतो. ‘तुझी मैत्रीण सांगत नसेल तर तू सांग’, हेही सांगतो. मैत्रिणीचं लग्न रोखायला एखादी पोर चोरून फोन करते तेव्हा तिचं नाव कुणाला कळू द्यायचं नाही, ही जबाबदारी मोठ्यांची आहे. ती पाळली गेली नाही तर गावात पुन्हा कुणी फोन करत नाही.

मुलींना गावात ठेवायचं तर आई-बापांना विश्वास वाटेल अशी जागा हवी. हंगामी वसतिगृहं आहेत, २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही आहे. त्यांची संख्या वाढवा, मुलींच्या वसतिगृहात रात्री मुक्कामी बाई अधीक्षक असू द्या, हे मागणं आम्ही नर्स म्हणून करतो. तसं झालं तर प्रसूती कक्षातली ‘एकोणीस लावा’ म्हणणारी सासू कमी होईल, यात मला शंका वाटत नाही.

आता ज्या सिस्टर, आशाताई, आरोग्यसेविका हे वाचत असतील त्यांना एक विनंती. तुम्ही माजलगाव, धारूर, परळी, वडवणी कुठल्याही तालुक्यात असा, तुमचं सासर किंवा माहेर एखाद्या गावात आहेच. तिथल्या झेडपी शाळेच्या मुख्याध्यापकांना एक अर्ज द्या आणि वर्षातले दोन रविवार काढा, एक दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, आणि एक पाडव्यानंतर, विहिरी-शेततळ्यांकडे पोरं वळण्याआधी. बाहुली नसली तर उशी चालते. भाषण नको, खिचडीवाल्या मावशीला सोबत घ्या. आणि निघताना घराघरांत दाराच्या आतल्या बाजूला, लेकराच्या उंचीवर, खडूने दोन नंबर लिहून घ्या: १०८ आणि १०९८. दोन्ही चोवीस तास चालू असतात आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत.